पाइपात गेलेला रणगाडा

"सोड! आता सोड!" भोंगा ओरडला. त्याचं कुजबुजणंसुद्धा तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं, म्हणून तर तो भोंगा.

टाचणीने बोट उचललं. दोऱ्याच्या रिकाम्या रिळाचा रणगाडा गुरगुरला आणि दाराशी पडलेल्या चपलेवर चढून पलीकडे उतरला!

"पण हा आपोआप कसा चालतो?" शंकाने विचारलं. शंका ही टाचणीची धाकटी बहीण. जन्मल्यावर ती रडलीच नाही, "का?" म्हणाली, असं भोंगा शपथेवर सांगायचा.

"अगं," टाचणी म्हणाली, "रिळाच्या भोकातून रबर ओवलंय. इकडे आगकाडीचा तुकडा, तिकडे मेणबत्तीची चकती आणि ही लांब काडी. काडी फिरवून रबराला पीळ द्यायचा. पीळ सुटायला बघतो, काडी जमिनीला अडते, मग रिळाला फिरण्यावाचून गत्यंतर नाही!"

तेवढ्यात तो रणगाडा एका मोठ्या, ओल्या बुटावर जाऊन आपटला. बुटात सेक्रेटरीकाका होते.

"सापडले चोर!" ते गरजले. त्यांनी चिमटीत एक पिवळं रबरबँड धरलं होतं, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं. "टाकी भरून वाहिली, गच्चीचा पाइप तुंबला, सगळं पाणी जिन्यात! आणि पाइपाच्या तोंडाशी काय मिळालं? रबर! तुमचे हे भिकार खेळ!"

त्यांच्यामागे जिन्यावर अर्धी बिल्डिंग उभी होती आणि सगळे माना डोलवत होते. एकही जण गच्चीवर गेला नव्हता, एकानेही पाइपात डोकावलं नव्हतं, पण मत मात्र प्रत्येकाकडे तयार! मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं.

"काका, आमचं रबर काळं असतं," टाचणी म्हणाली. "सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या चकत्या कापतो आम्ही. पिवळी रबरं दोन पिळांत तुटतात. आम्ही ती वापरतच नाही."

"काळं काय नि पिवळं काय! रबर ते रबर! संध्याकाळी गच्चीवर मीटिंग आहे. तिथे या खोलीची किल्ली मला हवी. माझा जुना सोफा इथे छान मावेल."

"अच्छा! सोफा!" भोंगा म्हणाला.

"उलट बोलू नकोस!"

"काका, तुमच्या कानामागे काळं काय लागलंय?" शंकाने विचारलं.

काकांचा हात झटकन कानाकडे गेला. "शाई!" असं म्हणून ते तरातरा निघून गेले.

जिन्याखालची ती खोली म्हणजे केवढीशी! ताठ उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची. पण टाचणीचं अख्खं राज्य तिथे होतं. वल्ह्याची होडी, उड्या मारणारा बेडूक, पंख फडफडवणारा पक्षी, सगळं रबराच्या पिळावर! घरात आईचं शिवणयंत्र, बाबांचं टेबल आणि शंकाचे प्रश्न. तिथे सुईएवढीही जागा नव्हती. खोली गेली की सगळंच गेलं.

"रडू नकोस," भोंगा म्हणाला.

"रडतंय कोण? मी विचार करतेय. तो पाइप तुंबलाय कशाने, ते बाहेर काढायचं. चला!"

गच्चीवर सेक्रेटरीकाका एक बांबू पाणी वाहून जायच्या आडव्या पाइपात खुपसून घाम गाळत होते.

"काका, तुम्ही ते बाहेर काढताय की आत ढकलताय?" शंकाने विचारलं.

काकांनी बांबूकडे पाहिलं. मग पाइपाकडे. "प्लंबर येईल पुढच्या आठवड्यात," असं पुटपुटून ते बांबू तिथेच टाकून गेले. सकाळपासून खपून त्यांनी एवढंच केलं होतं, जवळचा बोळा लांब नेऊन ठेवला होता!

"किती हुशार!" भोंगा म्हणाला. "आता कुणाचा हातही पोचणार नाही."

"हात नको. रणगाडा जाईल की!" टाचणी म्हणाली.

तिने काडीला आईकडचा जाड दोरा बांधला, पीळ दिला आणि रणगाडा पाइपात सोडला. घर्र करत तो अंधारात गेला. दोरा सरकत राहिला आणि मग थांबला. टाचणीने हळूच ओढला. रणगाडा परत आला, पण रिकामा!

"पोचला, पण धरणार कशाने?" शंका म्हणाली. "त्याला नखं कुठायत?"

टाचणीने तिच्याकडे पाहिलं. "शंके, आज पहिल्यांदा उपयोगाचा प्रश्न विचारलास!"

तिने खोलीतून टाचण्यांची डबी आणली आणि रिळाच्या दोन्ही कडांवर टाचण्या तापवून खोचल्या. टोकं वाकवली. आत ट्यूबची एकच चकती ओवलेली होती, तिथे दोन ओवल्या.

"आता बोळ्यावर आपटला तरी रीळ फिरतच राहील आणि नखं रुतत जातील."

तोवर मीटिंगसाठी माणसं जमू लागली होती. "अजून खेळच चाललाय!" कुणीतरी म्हणालं. "लाज नाही हो आजकालच्या मुलांना!" खुर्चीवर बसलेल्या मुख्याध्यापिकाआजी मात्र पाइपाकडे कान लावून होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या फक्त ऐकायच्या.

रणगाडा आत गेला. दोरा सरकला, थांबला. आणि आतून आवाज आला, खर्रर्र! खर्रर्र!

"रुतला!" भोंगा एवढ्याने ओरडला की कबुतरं उडाली.

तिघांनी दोरा ओढला. आधी काही हलेना. मग फस्सकन चिखलाचं पाणी आलं आणि त्यामागून रणगाड्याला गुरफटलेला एक भलामोठा गोळा बाहेर पडला.

प्लॅस्टिकचे पातळ हातमोजे! एकात एक अडकलेले, ढीगभर. प्रत्येकाच्या मनगटाशी पिवळं रबरबँड आणि बोटं काळीकुट्ट.

मुख्याध्यापिकाआजींनी चष्मा सावरला. "हे तर केसांना कलप लावायचे हातमोजे. गच्चीवर कलप लावून इथेच कोण टाकतं?"

सगळ्या माना एकदम वळल्या. ज्या माना सकाळी डोलत होत्या, त्याच!

सेक्रेटरीकाकांनी दोन्ही हातांनी आपले काळेभोर केस झाकले. "माझे तर... जन्मापासून..."

"शाई," शंका म्हणाली.

गच्ची हसून हसून गदगदली. सगळ्यात मोठ्याने कोण हसत होतं? ज्यांनी मघाशी मुलांना लाज नाही म्हटलं होतं, तेच! टाचणीला ते पाहून त्या सगळ्यांचाच वीट आला.

"शाब्बास, पोरांनो!" आजी म्हणाल्या. "आम्ही नुसत्या जिभा चालवल्या, तुम्ही डोकं चालवलंत. किल्ली तुमच्याकडेच राहील. काय हो सेक्रेटरी?"

"हो, हो. जाऊ दे आता," काका घाम पुसत म्हणाले. "जरासा गैरसमज झाला."

सगळे उठू लागले. टाचणी मात्र जागची हलली नाही.

"काका, आम्ही केलं असतं तर ती चूक असती. तुम्ही केलं की गैरसमज कसा?"

गर्दीतून टाचणीची आई "अगं!" म्हणाली. आजींनी हात वर करून तिला थांबवलं.

"चूक झाली," काका बुटांकडे बघत पुटपुटले.

"ऐकू नाही आलं!" भोंगा म्हणाला.

"चूक झाली माझी!"

"हां," टाचणी म्हणाली, आणि चिखलात बसून रणगाड्याचा गुंता सोडवू लागली.