खालच्या फळीवरचे टोळ

कीटकशाळेच्या संचालिकाबाई दार ठोठावत होत्या, तेव्हा भाऊजी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे होते. खाली मेहुणीचं घर आणि तिथेच तिची कचेरी; वर त्यांची एक खोली. पत्नी गेल्यापासून त्यांचं जेवणाचं ताट रोज वर जात असे. "आमचं घराणंच एकलकोंडं, चिमे," असं त्यांनी एकदा सांगून टाकलं होतं, आणि तो विषय तिथेच मिटला होता.

चिमे म्हणजे ही मेहुणी, चिमीताई. नाव लहान मुलीचं. पण खाजगी तपासाच्या कामात तिच्या नजरेतून फारसं काही सुटत नसे. सोबतीला म्हणून ती भाऊजींना ओढून नेई, आणि तेही कुरकुरत जात.

"चोरी?" चिमीताईने विचारलं.

"अदलाबदल," संचालिकाबाई म्हणाल्या. "माझ्या टोळांची."

भाऊजींना हसू फुटलं. बाईंचे डोळे सुजलेले दिसले, तेव्हा त्यांनी ते गिळलं.

"एकाच मादीची पिल्लं घ्या," बाई सांगू लागल्या. "गर्दीत वाढवली तर काळी-पिवळी होतात, धीट, एकमेकांमागे धावणारी. एकेकटी वाढवली तर हिरवी आणि लाजाळू. दुसरा टोळ दिसला की तोंड फिरवतात."

"अगदी आमचे भाऊजी!"

"चिमे, कामाचं बोल."

"मी पिढ्यान्‌पिढ्या भित्र्यातले भित्रे निवडून एक वाण तयार केला. माझं म्हणणं असं, की यांचा एकांत रक्तातच आहे. शेजाराने तो बदलायचा नाही. काल संध्याकाळी चाचणी होती. लांबट पेटी, एका टोकाला जाळीमागे गर्दीतले टोळ. वरच्या फळीवरच्या डब्यांतले चार दूर पळाले. खालच्या फळीवरचे चारही थेट गर्दीकडे धावले."

"मग वाण बदलला असेल."

"माझा वाण बदलत नाही! त्या डब्यांत गर्दीतले टोळ घातले गेले. पेटीत टोळ सोडणारी माझी विद्यार्थिनी; मी दुसऱ्या खोलीत काळ्या-पांढऱ्या पडद्यावर बघत होते. चाचणी होताच मी डबे सीलबंद केले. माझा सिद्धांत चुकीचा आहे असं ती पहिल्यापासून म्हणते. आज संध्याकाळी समिती बसेल आणि तिची जागा जाईल. पण तिला मी हाताला धरून शिकवलं आहे. म्हणून तुमच्याकडे आले."

कीटकशाळेत ओल्या गवताचा वास भरला होता. अपारदर्शक भिंतींचे डबे दोन फळ्यांवर ओळीने मांडलेले. प्रत्येकात एकच जीव. खालच्या चार डब्यांच्या काचेच्या झाकणांवर बाईंनी तपकिरी कागद चिकटवून सही ठोकली होती. गवताच्या काड्या घालायचं भोक तेवढं उघडं होतं.

भाऊजी वाकले आणि एका भोकाला डोळा लावला.

"काय दिसतं?"

"हिरवं काहीतरी. पाठ करून बसलंय. का गवतच आहे, कोण जाणे."

"आता संध्याकाळपर्यंत इथे कुणीही यायचं नाही," चिमीताईने बाईंना बजावलं.

विद्यार्थिनीला सगळे शेंडेफळ म्हणत. तिथली सर्वांत लहान तीच. ती रडून झाल्यावरच्या रागात होती.

"बाईंचं मत मला पटत नाही, हे मी त्यांच्या तोंडावर बोलते. मागून काही करायचं असतं, तर आधी तोंड कशाला वाजवलं असतं?"

"गर्दीत टोळांना नेमकं होतं काय?"

"मागच्या मांड्या एकमेकांना घासतात. तो स्पर्श होत राहिला की काही तासांत वागणं पालटतं. पुन्हा एकटं ठेवलं तर लवकरच मूळपदावर येतं. जन्मापासून गर्दीत वाढलेला टोळ मात्र असा रात्रीत निवळत नाही. आणि रंग कात टाकल्याशिवाय बदलत नाही."

"गर्दीच्या खोलीत काल गेली होतीस?"

"कशी जाणार? किल्ली बाईंच्या गळ्यात असते. चाचणीसाठीचे टोळही त्याच आणून ठेवतात."

उरले चित्रकार. कीटकांची चित्रं काढून देणारे, पांढऱ्या केसांचे, एक गुडघा आखडलेला. त्यांचं बुटकं स्टूल खालच्या फळीसमोर रिकामं पडलं होतं. ते स्वतः ओसरीत बसले होते.

"मी एकाही टोळाला हात लावलेला नाही," त्यांनी न विचारताच सांगितलं.

त्यांनी वही उघडून दाखवली. सगळी चित्रं पेन्सिलीची, आणि प्रत्येकात टोळाने मागची तंगडी जराशी उचललेली. खिशातून दोन पेन्सिली, खोडरबर आणि पांढऱ्या केसांचा एक बारीक कुंचला डोकावत होता.

"फार वेळ लागत असेल," भाऊजी म्हणाले.

"दुपारभर बसतो. घरी जाऊन तरी काय करू? इथे बरं वाटतं. हे चौघं आणि मी." मग हळूच म्हणाले, "आज आत सोडत नाहीत मला."

भाऊजी उगाचच त्यांच्याशेजारी बसून राहिले.

संध्याकाळी समितीचे दोघे आले. चिमीताईने आधी चाचणी पुन्हा करायला लावली. सील बाईंनीच फोडलं. पहिला टोळ पेटीत सुटला, जाळीमागची गर्दी पाहताच वळला आणि दूरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मग दुसरा. मग उरलेले दोघे.

बाई पेटीवर ओणवल्या. "हे हिरवे आहेत," त्या पुटपुटल्या.

"कालही हिरवेच होते. तुमचा पडदा काळा-पांढरा, आणि नंतर कागद चिकटवताना आत बघायला राग आडवा आला. बदललेले टोळ काळे-पिवळे असते, आणि एका रात्रीत असे निवळले नसते. म्हणजे अदलाबदल झालीच नाही. हे तुमचेच."

"मग तिने यांना काही तास गर्दीत सोडलं असेल!"

"किल्ली कुणाच्या गळ्यात आहे?"

बाईंचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"स्पर्श झाला, पण टोळांचा नाही," चिमीताईने आवाज खाली आणला. "बिघडली फक्त खालची फळी. आखडलेल्या गुडघ्याने बुटक्या स्टुलावर बसणाऱ्याचा हात तिथवरच पोचतो. चित्रं पेन्सिलीची, मग रंग न लागलेला कुंचला खिशात कशाला? आणि टोळ दर चित्रात तंगडी का उचलतो? काका, तुम्ही हात लावला नाहीत हे खरं. भोकातून कुंचला लावलात."

चित्रकारांनी कुंचला काढून टेबलावर ठेवला.

"पहिल्यांदा चित्रासाठीच लावला होता, नीट बसावा म्हणून. त्याने तंगडी उचलली. पुन्हा लावला, पुन्हा उचलली. मी काही विचारावं आणि कुणीतरी उत्तर द्यावं, तसं वाटलं. मग आळीपाळीने चौघांना... दुपार सरायची. पोरीवर आळ आलाय, हे कुणी मला सांगितलंच नाही हो."

संचालिकाबाई शेंडेफळापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"वाण माझा पक्का होता," त्या कष्टाने म्हणाल्या. "पण तू म्हणत होतीस तेच खरं. रक्तात एकांत होता, तशी दुसरी वाटही होती. माझं चुकलं. तुझ्यावर विश्वास ठेवण्याआधी मी किड्यांवर ठेवला."

शेंडेफळाने डोळे पुसले. "काका, या फळीपाशी आता तुम्हाला बसता येणार नाही. पण गर्दीच्या खोलीत, पिंजऱ्यापाशी बसा. तिथे तुमच्या कुंचल्याने कुणाचं काही बिघडत नाही." मग बाईंकडे वळून तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

बाईंनी दिली.

घरी पोचल्यावर सवयीने भाऊजी जिन्याकडे वळले, कठड्यावर हात ठेवला आणि तिथेच थांबले.

"चिमे."

"काय?"

"आज ताट वर पाठवू नकोस."

"का? भूक नाही?"

"खाली बसतो म्हणतो. तुम्हा सगळ्यांत."

चिमीताई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. तिला थट्टा सुचली होती; ओठांवरही आली होती. पण ती आत गेली, आणि ताटांच्या चळतीतून एक ताट जास्तीचं काढल्याचा आवाज भाऊजींना ऐकू आला.