चौथ्या ताटलीवरचा डाग

डाग तीन मिलिमीटरचा आहे. फिकट राखाडी, थेंबासारखा, आमच्या घराण्याच्या कुलचिन्हाखाली डावीकडे. एकशे बारा ताटल्या आहेत, सगळ्यांवर अगदी त्याच जागी. मी पट्टीने मोजलंय.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. घडलं तेवढंच लिहिते.

पावणेतीनशे वर्षांपूर्वी आमच्या घरचा मुलगा स्वीडनहून जहाजाने चीनमधल्या कँटनला निघाला, स्वतःच्या लग्नाची चिनी मातीची भांडी बनवून घ्यायला. कुलचिन्हाचा नमुना हातात देताना त्याच्या आईचा अश्रू कागदावर पडला. तिथल्या चिताऱ्याने तो डागसुद्धा इमानाने प्रत्येक ताटलीवर उतरवला.

भांडी आली.

मुलगा आला नाही.

त्याची आई मरेपर्यंत त्याची ताटली मांडत राहिली.

माझा भाऊ एस्किल तीन वर्षांपूर्वी वेनर्न तळ्यात होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो नाही. आमच्याकडे माणूस गेलं की चर्चची घंटा वाजवतात. आईने ती वाजवू दिली नाही. दर रविवारी ती एस्किलची ताटली मांडायची.

गेल्या नोव्हेंबरातला रविवार. दुपारचे दोन. आई, मी, बिर्गरमामा... आणि चौथी ताटली.

"या घरात येत नाही त्याला आधी वाढतात," मामा पुटपुटला. "मला बटाटे मिळायला मीही बुडू का?"

"तू कसला बुडतोस! ओंडका तरंगतो," आई म्हणाली.

तेवढ्यात...

टप्.

छत कोरडं होतं. एस्किलच्या ताटलीवरचा डाग मात्र ओला होता.

मी पुसला.

टप्.

पुन्हा ओला.

"तळ्याचं पाणी..." आई कुजबुजली. "आला माझा एस्किल!"

तिचा चेहरा इतका उजळलेला मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. तरीही मी थेंब परीक्षानळीत घेतला. शाळेच्या पेटीतलं सिल्व्हर नायट्रेट त्यात टाकलं.

दाट पांढरा साका, म्हणजे मीठ.

ती नळी अजून माझ्याकडे आहे. मी तिच्याकडे फारसं बघत नाही.

"आई, तळ्याचं पाणी गोडं असतं," मी म्हणाले. "हे खारट आहे."

मग रिकाम्या खुर्चीमागून हुंदका आला...

बाईचा. दमलेला.

मामाच्या हातातला काटा खाली पडला. आई मात्र हलली नाही. तिने खुर्चीमागे पाहिलं.

"अजून त्या मुलाची वाट बघतेय बिचारी," ती म्हणाली. "एवढी वर्षं."

तिने एस्किलची ताटली उचलली, मायेने एप्रनला पुसली आणि कपाटात ठेवली.

"पाद्रीबाईंना फोन लाव," ती मला म्हणाली. "म्हणावं, एस्किलसाठी घंटा वाजवा."