पुलाखालचं एडिनबरा

पॉइंट कुकच्या कम्युनिटी हॉलबाहेर वारा असा सुटला होता, की पार्किंगमध्ये चित्रलेखाची छत्री फाडकन उलटी झाली आणि लॅपटॉपच्या बॅगेसकट ती दोन पावलं मागे गेली. तिसरं पाऊल कुणाच्या तरी बुटावर पडलं.

"सॉरी…"

"नो वरीज," बूटवाला म्हणाला. "एडिनबरात मी अशाच दोन छत्र्या घालवल्या. टीप नंबर चार — छत्री विसरू नका."

चित्रलेखा छत्री सरळ करता करता थांबली. टीप नंबर चार तिनेच लिहिली होती. 'एडिनबरा पाहताना: एकवीस टिप्स', इथल्या मराठी मंडळाच्या अंकात, खाली नाव 'प्रवास समिती'. समितीत ती एकटीच. आणि अर्ध्या तासात याच विषयावर तिला स्लाइड्स दाखवत बोलायचं होतं. साठ माणसं येणार होती, त्यातली बारा तर तिकिटं काढून बसलेली. अडचण एवढीच होती, की ती एडिनबराला कधी गेलीच नव्हती. हे मंडळात कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची तिला सवय नव्हती.

बूटवाल्याचं नाव हृषीकेश. पलीकडच्याच हाउसिंग एस्टेटमध्ये राहणारा इंजिनीयर. मे महिन्यात साताऱ्याच्या आईबाबांना एडिनबरा दाखवून आलेला.

"समितीला भेटायला आलोय," तो वड्यांच्या रांगेत म्हणाला. "हात जोडायचे की कोर्टात खेचायचं, ते अजून ठरलं नाही."

"एवढं काय केलं बिचारीने… म्हणजे, समितीने?"

"टीप नऊ. एक वाजता किल्ल्यावर निवांत जेवा. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, आणि बरोब्बर एकला शेजारी तोफ उडाली. उडते म्हणे तिथे, टायमाला. आईच्या हातातली पुरी हवेत. सीगलने वरच्या वर झेलली. टुरिस्टांनी टाळ्या वाजवल्या."

हसू दाबताना चित्रलेखाच्या नाकात चहा गेला. त्याने टिश्यू पुढे केला, आणि बघत राहिला… जरा जास्तच वेळ.

"मग कोर्टच?"

"मग बाबा." त्याचा आवाज खाली आला. "त्यांनी जन्मभर गड पालथे घातलेत. तिथे दारात त्यांनी बूट काढले आणि उंबरठ्याला डोकं टेकवलं. गार्डला वाटलं म्हातारा पडला, तो फर्स्ट एडचा डबा घेऊन धावला. बाबा त्याला मराठीत म्हणाले, किल्ला कुणाचाही असो, पाया पडूनच आत जायचं. त्याला काय कळलं देव जाणे. डबा खाली ठेवून त्याने टोपी काढली."

वड्यांची रांग पुढे सरकली, चित्रलेखा तिथेच उभी.

"ते सगळं शहरच तसं आहे. एका बाजूला मोज्यांची दुकानं, दुसरीकडे मान वर केली की खडकावर किल्ला. आणि ट्रामसाठी उभे असलेले लोक फोनमध्ये. मला वाटत होतं, एकेकाची हनुवटी धरून वर करावी."

"आणि… टीप चौदा?" तिला राहवलं नाही.

"पुलावरून डावीकडे वळा, दोन मिनिटांत काउगेट. वळलो. समोर कठडा. काउगेट खाली होतं, चार मजले खाली. नकाशावर दोन रस्ते एकमेकांना छेदतात, पण तिथे एक रस्ता दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो. शहराखाली शहर. आई वाकून बघत म्हणाली, समितीने उडी मारायला सांगितलंय का रे?" तो हसला, मग थांबला. "तेव्हाच कळलं, हे लिहिणारा माणूस तिथे गेलेलाच नाही. पण एकूण एक गल्लीचं नाव बरोबर. न पाहिलेल्या गावावर इतकी माया करणारं आहे तरी कोण, ते बघायला आलो."

तेवढ्यात गुरुदत्तकाका, मंडळाचे अध्यक्ष, माइकवर आले. "आता आपल्या एडिनबरा-तज्ज्ञ, चित्रलेखा."

हृषीकेशचा वडा तोंडाशीच थांबला.

स्टेजवरून तिला पहिल्या रांगेतले ते बाराजण दिसत होते, हातात पेन घेऊन तयार. तिसऱ्या रांगेत हृषीकेश. तो गप्प बसणार, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तेच जड गेलं.

"मी एडिनबराला गेलेले नाही," ती म्हणाली.

"म्हणजे… या वर्षी?" गुरुदत्तकाकांनी सावरून घेतलं.

"कधीच नाही, काका. तिथल्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली होती, व्हिसा झाला नाही. मग इकडे क्लेटनच्या युनीत आले. पहिलं वर्षभर ट्रेनमध्ये नकाशा उघडून त्या गावात हिंडायचे. गल्ल्या पाठ झाल्या. चढउतार कळलेच नाहीत… नकाशा सपाट असतो. टीप चार, नऊ, चौदा खोडा. बाकीच्यांचीही खात्री नाही."

बारा पेनं इमानदारीत खोडू लागली.

"टीप सतरामधलं हॉटेल तरी आहे ना गं?" रेखाकाकूंनी विचारलं. "आम्ही बुक केलंय."

"नकाशात आहे, काकू."

मग तिने हृषीकेशला वर बोलावलं. तो चाळीस मिनिटं बोलला. पोरांनीसुद्धा आयपॅड खाली ठेवले. चित्रलेखा स्टेजच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिला पाठ असलेली एकेक गल्ली तिच्या डोळ्यांसमोर उभी राहत होती. कुठली वर चढत होती, कुठली कमानीखालून अंधारात उतरत होती. सकाळच्या धुक्यात खडक दिसतच नाही, नुसता किल्ला हवेत तरंगतो, असं तो म्हणाला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

हॉल रिकामा झाल्यावर दोघं खुर्च्या रचायला लागले.

"त्या डोंगरावरून काय दिसतं, ते सांगितलंच नाहीस," ती म्हणाली. "आर्थर्स सीटवरून."

"मुद्दाम नाही सांगितलं."

"आता सांग. आता मी एकटीच आहे."

"तुला तर नाहीच." त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. "तुला आधीच सांगितलं, तर वर पोचल्यावर तुझा चेहरा कसा होतो… ते मला बघायला मिळणार नाही."

बाहेर वाऱ्याने हॉलचं दार आपटलं. चित्रलेखाने त्याने ठेवलेली खुर्ची उचलून बाकीच्यांवर रचली.

"सप्टेंबरात," ती म्हणाली, "मला दोन आठवडे रजा मिळते."