बिस्किटचे कान

"हरलो! लागोपाठ दुसऱ्यांदा हरलो!" असं ओरडत पुष्करकाकांनी हातातली तलवार जमिनीवर आपटली. तलवार फोमची होती. तिचा साधा 'धप्' असा आवाजसुद्धा झाला नाही, त्यामुळे काका आणखीनच चिडले.

"आपण झाडीतून येणार हे त्या गढीवाल्यांना कळलंच कसं? काल ओढ्याकडून गेलो, तर ते ओढ्यात दबा धरून बसलेले! आज झाडीतून, तर आख्खी फौज झाडीत! कोणीतरी आतून बातमी फोडतंय, संजय!"

संजयकाकांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, घाम पुसला आणि थेट मुलांकडे पाहिलं.

"आइस्क्रीमच्या व्हॅनपाशी कोण जाऊन बसतं रोज? ती व्हॅन गढीवाल्यांच्या तंबूंना लागूनच आहे."

ऋजुताच्या हातातली पाण्याची बादली हिंदकळली. "काका, आम्ही काहीही सांगितलं नाही!"

"आम्हाला तुमचा प्लॅन माहीतच नसतो!" तिचा धाकटा भाऊ अंशुमन म्हणाला. "आम्हाला कोण सांगतं इथे काही?"

"मी फक्त नाइंटी-नाइनचा कोन घेतला," तनिषा म्हणाली. ती बर्मिंगहॅमची, ऋजुताची मैत्रीण. तिचं मराठी आजीकडून फोनवर शिकलेलं होतं. "माझा काही चूक नाही!"

पण मोठ्या माणसांनी एकदा ठरवलं की ठरवलं. पुष्करकाका म्हणाले, "उद्या शेवटची लढाई. तोपर्यंत तिघांनी आपल्या छावणीच्या बाहेर जायचं नाही. आणि ऋजुता, उद्याच्या मिरवणुकीत घोडीवर तू बसणार होतीस ना? ते कॅन्सल."

ऋजुताने हातातली बादली खाली ठेवली आणि ती तंबूमागे निघून गेली.

आता हे सगळं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. पुष्करकाका एरवी लंडनजवळच्या स्लाऊला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचे. उरलेल्या वेळात त्यांनी एक आख्खं राष्ट्र तयार केलं होतं. त्याचं नाव उर्गाई, आणि त्याचे खान, म्हणजे राजे, अर्थातच काका स्वतः. अफाट गवताळ प्रदेशात घोड्यांवर फिरणारे, तंबूत राहणारे, पळता पळता मागे वळून बाण मारणारे लोक. तंबूच्या उंबऱ्यावर ते पाय देत नाहीत, वाहत्या पाण्यात कधी हात धूत नाहीत, आणि पाहुण्याच्या घोड्याला आधी चारा घालतात, पाहुण्याला नंतर. नकाशावर हे लोक शोधायला जाल तर सापडायचे नाहीत. ते फक्त काकांच्या डोक्यात होते, काकांच्या वेबसाइटवर होते, आणि ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, शनिवार ते सोमवार, वेल्सच्या सीमेजवळच्या एका शेतात होते. तिथे दरवर्षी अशी स्वतःची राज्यं रचणारी मोठमोठी माणसं जमायची आणि फोमच्या तलवारींनी तीन दिवस एकमेकांशी लढायची. त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, उर्गाईंचं वैर पडलं होतं गढीवाले नावाच्या दुसऱ्या टोळीशी.

तीन लढाया. ज्याने शेवटची जिंकली त्याने दुसऱ्याचं निशाण न्यायचं. उर्गाईंचं निशाण म्हणजे लांब काठीला बांधलेली घोड्याची शेपटी. ते गेलं की खेळाच्या नियमाप्रमाणे उर्गाई संपले. पुढल्या वर्षी त्यांना या शेतात जागा नाही.

आणि या घोडेस्वार राष्ट्रापाशी घोडे किती? एक! तीही भाड्याची घोडी. जवळच्या फार्मवरून आणलेली, गोलमटोल, तांबूस रंगाची, बिस्किट नावाची. इन्शुरन्समुळे तिला लढाईत न्यायची बंदी होती, त्यामुळे हे सगळे शूर घोडेस्वार लढायला पायी जायचे. बिस्किट फक्त लढाईआधीच्या विधीला आणि शेवटच्या मिरवणुकीला.

त्या मिरवणुकीसाठी ऋजुता वर्षभर थांबली होती. स्लाऊजवळच्या तबेल्यात दर शनिवारी ती शेण काढायची आणि त्याच्या बदल्यात तिला घोड्यावर बसायला मिळायचं. ती पडली होती, परत चढली होती, आता तिला चांगली दौडही करता येत होती. काका म्हणाले होते, "उर्गाईंच्या घोडीवर उर्गाईंची पोर बसेल." आणि आता तेच काका म्हणत होते, कॅन्सल!

"न केलेल्या गोष्टीची शिक्षा!" तंबूमागे बसून ती गवत उपटत होती. "म्हणजे खरंच फोडलं असतं तरी इतकं वाईट वाटलं नसतं मला!"

"चल, आपण खरंच फोडू या मग," अंशुमन म्हणाला.

"गप रे!"

"शोधून काढू," तनिषा म्हणाली. "गढीवाल्यांना कोण सांगतो ते. डिटेक्टिव्हसारखा."

"कसं शोधणार? छावणीबाहेर जायचं नाही."

तेवढ्यात स्वयंपाकाच्या तंबूतून उल्काकाकूंची हाक आली. उल्काकाकू म्हणजे पुष्करकाकांच्या बायको. खानाची राणी असूनही त्यांचा सगळा वेळ कांदे चिरण्यात जात होता. "अरे पोरांनो! कार पार्कमध्ये आपल्या गाडीत दुधाचा कॅन राहिलाय, तो आणा बरं! या माणसाने होतं-नव्हतं दूध सगळं सरावात उडवलं. चहाला थेंब नाही!"

"पण काकांनी सांगितलंय की—"

"काकांना मी बघते. जा!"

कार पार्क होता समोरच्या उतारावर, गढीवाल्यांच्या बाजूला. कॅन काढून तिघं वळली आणि ऋजुता जागच्या जागी थांबली.

इथून त्यांची स्वतःची छावणी एखाद्या स्टेजसारखी दिसत होती. मधोमध टेकाड, टेकाडावर बिस्किट, बिस्किटवर पुष्करकाका. उद्याच्या विधीचा सराव चालला होता. हा विधी काकांचा फार लाडका. लढाईआधी खानाने सगळ्यांत उंच जागी घोडीवर बसायचं, डोळे मिटून लांबलचक प्रार्थना म्हणायची आणि घोडीच्या कानांवरून पुढे दूध उडवायचं. ज्या वाटेने हल्ला करायचा, त्या वाटेकडे! म्हणजे ती वाट शुभ होते. मागे सगळे योद्धे गुडघ्यावर, माना खाली, डोळे गच्च मिटून. उर्गाई योद्ध्याने दूध उडताना पाहायचं नसतं. डोळे उघडे फक्त घोडी धरणाऱ्या पोराचे, कारण कोणीतरी घोडी धरायलाच हवी.

काकांनी स्टीलचं पातेलं उचललं. उन्हात ते असं काही चमकलं की तिघांनी डोळ्यांवर हात धरले.

"ओ माय गॉड," तनिषा पुटपुटली. "सगळा दिसतो इथून!"

शेजारच्या तंबूबाहेर खुर्ची टाकून गढीवाल्यांचा सरदार ग्रॅहॅम चहा पीत बसला होता. गळ्यात पक्षी बघायची दुर्बीण. ती डोळ्यांना लावून तो आपल्या माणसांना हसत म्हणाला, "बघा, प्रॅक्टिस चाललीये! उद्यासुद्धा दूध उडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. ते कुठे उडतं ते मी सांगेन, मग धावायचं. बिचाऱ्यांनी स्वतःच वेबसाइटवर लिहून ठेवलंय सगळं!"

तिघं दुधाच्या कॅनसकट धावत सुटली.

"काका! काका, कळलं!"

"आत्ता नाही, ऋजुता. वॉर कौन्सिल चाललंय."

"पण तेच सांगायचंय! गढीवाल्यांना—"

"मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये, बेटा," संजयकाका म्हणाले.

जेवणाच्या वेळी तिने परत प्रयत्न केला. काकांना तेव्हा बाणांची टोकं चिकटवायची होती. जेवण झाल्यावर केला, तर पाऊस येऊन तंबूत पाणी शिरलं होतं आणि सगळे चर खणायला धावले. सकाळी शेवटी ऋजुता काकांच्या बुटांवरच जाऊन बसली.

"बूट दे."

"आधी ऐका!"

काकांनी ऐकलं. म्हणजे दात घासता घासता अर्धवट ऐकलं आणि हसले.

"ग्रॅहॅम? अगं, तो पक्षी बघतो! फार सज्जन माणूस आहे."

"पक्षी नाही, तो तुम्हाला बघतो! दूध जिकडे उडतं तिकडे त्याची माणसं जातात! आज मुद्दाम चुकीच्या दिशेला उडवा ना, प्लीज!"

काकांचं हसू गेलं. "दूध खोटं उडवायचं? उर्गाई माणूस दुधाशी खोटं बोलत नाही. मीच लिहिलंय तसं. आणि दिशा खान ठरवत नाही, घोडीचे कान ठरवतात. ते जिकडे, तिकडे दूध. आता उगाच गोष्टी रचू नकोस, आणि दुपारी विधीला घोडी तेवढी नीट धर."

काका गेले. ऋजुताने त्यांच्या पाठीकडे बघून जीभ काढली. तेवढ्याने काही बरं वाटलं नाही.

"स्वतः आख्खा देश रचलाय," ती फणफणली, "आणि मला म्हणतात गोष्टी रचू नकोस!"

अंशुमन मात्र विचारात पडला होता. "ताई, काका काय म्हणाले? दिशा कोण ठरवतं?"

"घोडीचे कान."

"आणि विधीला घोडी कोण धरतं?"

ऋजुता त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. "शहाणा आहेस रे तू! कुठून आला एवढा शहाणपणा?"

"पण अंकलना कळला तर?" तनिषाने विचारलं.

"त्यांचे डोळे मिटलेले. सगळ्यांचेच मिटलेले. आणि बिस्किट माशांमुळे तशीही सारखी चुळबुळ करते." ऋजुताने खिसे चाचपले. "पेपरमिंटच्या गोळ्या कोणाकडे आहेत?"

दुपारी टेकाडावर वारा सुटला होता. संजयकाकांनी निशाण रोवलं. बिस्किटचं तोंड झाडीकडे होतं, कारण यावेळीही झाडीतूनच जायचं ठरलं होतं. वॉर कौन्सिलला वाटत होतं, एकाच वाटेने दोनदा कोणी येईल असं शत्रूच्या मनातसुद्धा येणार नाही. खान घोडीवर चढला, पातेलं छातीशी धरलं. योद्धे गुडघ्यांवर बसले. माना खाली गेल्या, डोळे मिटले.

"हे निळ्या आभाळा, हे गवताच्या आई..." काकांनी प्रार्थना सुरू केली.

समोरच्या उतारावर काचा चमकल्या. दुर्बीण!

ऋजुता पकडली गेली तर मिरवणूक सोडाच, पुढच्या वर्षी काका तिला गाडीतही घेणार नाहीत. तिने मूठ उघडली. गोळीचा वास येताच बिस्किटने मान वळवली. ऋजुता एक पाऊल बाजूला सरकली. बिस्किटही सरकली. आणखी एक पाऊल. झाडी मागे पडली. ओढा समोर आला.

"हूं?" काका प्रार्थनेच्या मध्येच म्हणाले. डोळे मात्र मिटलेलेच.

"माशी, काका," ऋजुता कुजबुजली.

"...आमच्या वाटेवर तुझं दूध सांडू दे!"

पातेलं चमकलं. पांढरी धार बिस्किटच्या कानांवरून सरळ ओढ्याच्या दिशेने गेली. दुसरी गोळी! बिस्किट गर्रकन परत फिरली. काकांनी डोळे उघडले तेव्हा समोर झाडीच होती.

"दौडा!" काका गरजले, आणि घोडेस्वारांचं राष्ट्र पायी धावत सुटलं.

मुलांना जायला बंदी होती. ती टेकाडावर उभी राहून ओठ चावत होती. गढीवाले खरंच निघाले होते, ढाली घेऊन, एकूण एक, ओढ्याकडे! गुडघाभर पाण्यात जाऊन ते दडून बसले आणि वाट बघत राहिले. झाडीत चिटपाखरू नव्हतं. उर्गाई तिकडून बाहेर पडले ते थेट गढीवाल्यांच्या निशाणापाशी. राखणीला एकच म्हातारा होता, तोही बर्गर खात.

"जिंकलो!" अंशुमनने कोलांटी उडी मारली. "जिंकलो, जिंकलो!"

छावणीत नुसता कल्ला उडाला. काका शत्रूचं निशाण नाचवत होते. तेवढ्यात ओल्या बुटांचा पचपच आवाज करत ग्रॅहॅम आला.

"पुष्कर, धिस इज नॉट फेअर! दूध ओढ्याकडे उडालं होतं! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं!"

काकांच्या हातातलं नाचणारं निशाण थांबलं.

"तू पाहिलंस?" काकांनी सावकाश विचारलं. "म्हणजे शनिवारीही? आणि काल?"

ग्रॅहॅमचे कान लाल झाले. दुर्बीण त्याच्या गळ्यातच लटकत होती.

"पण मी तर झाडीकडे..." काका बोलता बोलता थांबले.

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण ऋजुता पुढे झाली. "घोडी मी फिरवली, काका. तुमचे डोळे मिटले होते तेव्हा. मी सांगत होते तुम्हाला! काल तीनदा सांगायला आले, आज सकाळी सांगितलं. तुम्ही ऐकतच नाही! कोणीच ऐकत नाही!" आणि इतका वेळ दाबलेलं रडू शेवटी आलंच.

संजयकाका टोपी हातात घेऊन तिच्यासमोर उकिडवे बसले. "चुकलो, बेटा. तुमच्यावर आळ घ्यायला नको होता. सॉरी."

"आणि मी सांगते," उल्काकाकू कालथा घेऊनच बाहेर आल्या, "या सगळ्या फौजेत डोळे उघडे असलेली ही तिघंच आहेत! शाबास रे माझ्या वाघांनो!"

पुष्करकाकांनी स्वतःच्या हातांनी बिस्किटचं खोगीर आवळलं आणि ऋजुतासाठी रिकीब धरली.

"बस."

मिरवणूक निघाली. पुढे शेपटीचं निशाण घेतलेला अंशुमन, बाजूला पातेलं सांभाळणारी तनिषा, आणि मध्ये घोडीवर, पाठ ताठ, नाक अजून लाल, ऋजुता. टेकाडावर आल्यावर काकांनी तनिषाकडून पातेलं घेतलं. तळाशी दूध थोडंच उरलं होतं. लढाया संपल्या की घरच्या वाटेसाठी उडवायचं ते दूध.

सवयीने सगळे योद्धे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"उघडा!" काका ओरडले. "सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा. नियम बदललाय."

मग त्यांनी पातेलं उचललं, वर ऋजुताकडे पाहिलं आणि विचारलं, "बोल. कुठे उडवू?"

ऋजुताने लगाम हलकेच ओढला. बिस्किट वळली. तिचे कान स्लाऊच्या दिशेला झाले.

"तिकडे," ऋजुता म्हणाली.

आणि काकांनी ऐकलं.