घरचंच कार्ड तपासायचं राहिलं

"नऊ महिने पूर्ण झाले गं मीराला. गोवराची लस राहिलीय. उद्या दवाखान्यात घेऊन ये, मीच असेन तिथे," असं नंदा म्हणाली, तेव्हा जान्हवीने मान वर करूनही पाहिलं नव्हतं. ती लेकीला नाचणीची खीर भरवत होती, आणि मनात मात्र सकाळीच आयांच्या ग्रुपवर आलेला तो व्हिडिओ फिरत होता... लस दिल्यापासून बोलायचाच थांबलेला कुणाचा तरी गोंडस मुलगा, आणि कॅमेऱ्यासमोर रडणारी त्याची आई. जान्हवी एम. कॉम. झालेली, बाळाच्या तेलाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरसुद्धा वाचणारी. त्या व्हिडिओला मात्र तिने एकही प्रश्न विचारला नाही.

"बघू, वहिनी."

नंदा तिची थोरली जाऊ. नवरा गेल्यावर तिने मुंबई महापालिकेच्या आरोग्य सेविकेचं काम धरलं होतं. असल्फाच्या टेकडीवर घरोघर फिरायचं आणि पोरांच्या लसींची नोंद ठेवायची. त्याच कामावर तिने लेकीला, मानसीला, शिकवलं, लग्न लावून कुर्ल्याला पाठवलं, आणि धाकट्या दिराचा, नितेशचा, संसारही उभा करून दिला. कुणी कितीही शपथा घेवोत, कार्ड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती वहीत खूण करत नसे. "आधी कार्ड, मग चहा," हे तिचं बोलणं टेकडीवर सगळ्यांना पाठ होतं.

फक्त एकाच घराचं कार्ड तिने मागितलं नाही. पंधरा दिवसांनी जान्हवी सहज म्हणाली, "चेंबूरला माहेरी गेले होते ना, तिथल्याच डॉक्टरांकडे दिली," आणि घरच्या माणसाच्या शब्दावर नंदाने लिहून टाकलं... खासगीत दिली.

दिवाळीनंतर मानसी सात महिन्यांच्या सर्वेशला घेऊन चार दिवस माहेरपणाला आली. टेकडीवर गोवराची साथ होती, म्हणून तिने फोनवर आधी विचारलंही होतं. "बिनधास्त ये. आपल्या घरात सगळं टोचून झालंय," नंदाने सांगितलं होतं. नुकतीच चालू लागलेली मीरा सर्दीने वाहतं नाक घेऊन दिवसभर त्या बाळाचे मुके घेत राहिली. मानसी परत गेली, आणि दुसऱ्याच दिवशी मीराच्या कानामागून पुरळ उतरलं.

तेव्हा नंदाने पहिल्यांदा हात पुढे केला. "कार्ड."

गोवराच्या लसीचा रकाना कोरा होता.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या लेकीला मी तुझ्या शब्दावर बोलावलं गं..." मग तिने घाईघाईने मानसीला फोन लावला, पण उशीर झाला होता. मीरा आठवड्याभरात घरभर दुडदुडू लागली. सर्वेशला ताप आला, न्यूमोनिया झाला, आणि ज्याचं लस घ्यायचं वयही झालं नव्हतं ते बाळ पाचव्या दिवशी इस्पितळातच दगावलं.

इस्पितळाच्या बाकावरून मानसीने वर पाहिलं. "काकी, मीराला लस दिली होती ना?"

जान्हवीचे ओठ हलले. शब्द फुटायच्या आत नंदा दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली. "दिली होती. लस घेऊनही एखाद्याला होतो. दोघांनाही माझ्यामुळेच लागण झाली. दिवसभर आजारी पोरांच्या घरांत बसते आणि तशीच येऊन त्याला उचलून घेतलं."

"हात तरी धुवायचेस, आई." मानसीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. "जगाची पोरं जपलीस. माझा एकच होता. माझ्या दाराशी येऊ नकोस आता."

आणि जान्हवी गप्प राहिली. गप्पच नाही, त्या घोर क्षणी तिला हायसं वाटलं.

घरी आल्यावर तिने नंदाचे पाय धरले. "का केलंत असं?"

"तुझ्यासाठी नाही केलं. उद्या मीराला कुणी म्हणेल, हिच्यामुळे बाळ गेलं. तिचा काय दोष? आणि कार्ड न बघणारी मीच ना."

आठ महिने नंदा दर रविवारी कुर्ल्याला जाऊन मानसीच्या इमारतीसमोर उभी राहायची आणि परत यायची. जान्हवीला ते बघवेना. एका सकाळी ती स्वतःच मानसीच्या दारात गेली आणि सगळं खरं सांगितलं.

मानसीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे माझं बाळ तिथे आत झाकून ठेवलं होतं, आणि आई बाहेर तुझी पोर वाचवत होती." दार शांतपणे लागलं.

"तिला वाटत होतं माझ्या हातून चूक झाली. चूक कधीतरी माफ केली असती तिने," हे कळल्यावर नंदा त्या संध्याकाळी जान्हवीला म्हणाली. "आता वाटेल, आईने नातवापेक्षा पुतणी जवळची मानली. तुझं मन हलकं झालं ना? बरं झालं." त्याच आठवड्यात तिने वरच्या चाळीत वेगळी खोली घेतली.

जान्हवी रोज डबा घेऊन टेकडी चढते. नंदा दार उघडते, मीराच्या गालाला हात लावते, डबा घेते, बोलत नाही. जान्हवीला आता काही विचारायचा हक्कही उरलेला नाही. तुम्ही असल्फाच्या बाजूला राहत असाल, तर एकदा वर नंदाकडे जाऊन या. जेवलीस का, झोप लागते का, लेकीचा फोन आला का, एवढंच विचारा. तिने उत्तर दिलं नाही तरी लगेच उठू नका... थोडा वेळ तिच्याजवळ बसा.