चौकशीला आलेला माणूस

ही घटना खरी आहे.

ज्या बाईच्या बाबतीत ती घडली, ती माझ्यापासून दोन घरं सोडून राहते. तिने ती मला माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगितली. तुम्ही विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. विद्यापीठाचं नाव तेवढं विचारू नका, कारण या गोष्टीतल्या लायलची बायको अजून याच गावात राहते.

उत्तर डकोटा. जानेवारीतली एक संध्याकाळ. नाताळच्या सुट्टीवर गेलेली मुलं अजून परतली नव्हती. सगळं आवार बर्फाखाली सुनसान पडलेलं. पाच वाजले की आमच्याकडे उजेड संपतोच.

त्या संध्याकाळी ती, म्हणजे डार्ला हाउगेन, विद्यापीठाच्या पोलिसात ड्युटीवर होती.

पण सुरुवात त्याच्या वर्षभर आधी झाली होती.

डार्ला तेव्हा वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना उचलून पाठीचा पार चुथडा झाला होता. विद्यापीठाच्या पोलिसात जागा निघाली तेव्हा तिने अर्ज केला. लोकांना वाटतं हे म्हणजे वॉचमनचं काम. पोरंसुद्धा चिडवतात, "काय साहेब, सायकली मोजून झाल्या का?" पण भरती खऱ्या पोलिसासारखीच असते. कॉलेजचं शिक्षण लागतं. लेखी परीक्षा. बर्फात धावायचं. माणसाच्या वजनाचा पुतळा ओढत न्यायचा. मग मानसोपचारतज्ज्ञासमोर बसायचं. आणि शेवटी घरची चौकशी. पोलीस खात्यातला माणूस तुमच्या नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे जातो आणि तुम्ही कसे आहात ते विचारतो.

डार्लाच्या मागे माणूस म्हणजे एकच. एव्हिस मावशी. आई डार्लाच्या लहानपणीच छातीच्या दुखण्याने गेली. मावशीनेच तिला वाढवलं.

एक दिवस मावशीचा फोन आला.

"तुमचा माणूस येऊन गेला गं."

"इतक्यात? सार्जंट केलर?"

"नाव नाही सांगितलं. म्हातारा होता. जुन्या पद्धतीचा तपकिरी गणवेश. अंगात नुसता शर्ट! बाहेर उणे वीस, आणि हा बाबा कोटाशिवाय. मी म्हटलं, अहो कॉफी तरी घ्या. कपाला हात लावला नाही."

"मग?"



"डार्ला... त्याला घाम येत होता."

"म्हणजे?"

"निथळत होता गं. शर्ट पाठीला चिकटलेला. आणि वास कसला, तर तापलेल्या इस्त्रीचा."

डार्ला हसली. तिने विचारलं, काय काय विचारलं त्याने?

"तसं विशेष काही नाही. नशापाणी करते का, भांडते का, यातलं काहीच नाही. एवढंच विचारलं, की तिची आई तिला काय हाक मारायची. आणि अशी हाक आली तर ती जाईल का."

"तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. पिप म्हणायची. आणि जाईल म्हटलं, धावत जाईल. चांगलंच बोलले ना मी?"

पुढच्या आठवड्यात खरा सार्जंट केलर मावशीच्या दारात उभा राहिला. जाडजूड कोट, हातमोजे, ओळखपत्र. मावशी म्हणाली, अहो, तुमचा एक माणूस येऊन गेलाय की. केलर म्हणाला, "बाई, या चौकशीला मी एकटाच आहे. दुसरं कोणालाही पाठवलेलं नाही."

त्याने डार्लालाही विचारलं. तिला काय सांगता येणार? काहीतरी घोटाळा झाला असेल म्हणून तो विषय तिथेच मिटला.

डार्लाची निवड झाली. पोलीस प्रशिक्षण झालं. हात वर करून शपथ घेतली. कमरेला पिस्तूल आलं. आणि मग प्रत्येक नव्या पोलिसासारखं तिलाही एका जुन्या माणसाच्या हाताखाली दिलं.

तो म्हणजे लायल ब्रेके.

लायल निवृत्तीला आलेला होता. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. पण विद्यापीठातलं एकूणएक कुलूप त्याला माहीत. थंडीने बंद पडलेल्या गाड्या सुरू करून दे, पिऊन पडलेल्या पोराला खोलीवर पोचव, घरी फोन न करणाऱ्या पोरीचं दार ठोठावून ती बरी आहे ना बघ... निम्मं काम हेच. लायल ते आईच्या मायेने करायचा, आणि वर शिव्याही घालायचा.

"पोरी, एक लक्षात ठेव," तो म्हणायचा. "आतून कोणी ओरडलं की आधी रेडिओ. पाय नंतर. एकटी आत गेलीस तर मी स्वतः तुला परत वृद्धाश्रमात सोडून येईन."

"तिथे तुम्हालाच आधी दाखल करावं लागेल," डार्ला म्हणायची.

त्याला ते फार आवडायचं.

आता त्या संध्याकाळकडे येते.

शेतकी विभागाची जुनी इमारत सुट्टीत पूर्ण बंद होती. तिच्या तळघरात एक लोखंडी दार आहे. दारामागे भुयार. सगळ्या इमारती गरम ठेवणारे वाफेचे नळ त्या भुयारातून जातात. आत माणूस जेमतेम उभा राहील एवढीच जागा. दाराला कायम कुलूप.

दार उघडं असल्याची सूचना पोलीस चौकीत आली. लायल आवाराच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी गाडी सुरू करून देत होता.

रेडिओवर म्हणाला, "पोरंच असतील. बघून ये. दाराच्या आत जाऊ नकोस."

डार्ला तळघरात उतरली.

दार उघडं होतं.

कुलूप फुटलेलं नव्हतं. कोणीतरी किल्लीने उघडावं तसं कडीला लटकत होतं.

आतून गरम वारा येत होता. वळणापर्यंत पिवळे दिवे लागलेले. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं.

आणि मग...

कोणीतरी कण्हलं.

"पोलीस!" डार्ला ओरडली. "कोण आहे आत?"

 इतका वेळ चाललेली नळांची टकटक थांबली. एवढी शांतता, की तिला स्वतःच्या कोटाची सळसळ ऐकू येत होती.

तिने रेडिओवरून लायलला कळवलं. तो म्हणाला, "निघालो. तिथेच थांब."

तिने रेडिओ खाली केला. आणि...

"पिप."



"पिप... इकडे ये गं."

आवाज आईचा होता. सारखा वगैरे नाही, आईचाच. शब्दाच्या शेवटी दम लागायचा, छातीत घरघर व्हायची, तीसुद्धा तशीच.

"मला उठता येत नाहीये. ये ना गं, पिप."

तिने एक पाऊल आत टाकलं. ती मला म्हणाली, "मी टाकलं असं नाही. ते पडलं." तोल जाऊ नये म्हणून तिने बाजूचा नळ धरला. तळहात चरचरला. ती ओरडली आणि हात मागे घेतला.

त्या चटक्याने ती भानावर आली.

तेव्हा तिला वास आला.

तापलेल्या इस्त्रीचा.

ती उंबऱ्याबाहेर आली. भाजलेली मूठ छातीशी धरून उभी राहिली. आतला आवाज रडत होता. विनवत होता. लहानपणी ताप आल्यावर आई जे गाणं गुणगुणायची, तेही त्याने गुणगुणून पाहिलं.

डार्ला हलली नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हलली नाही.

मग आवाज थांबला.



आणि वळणामागून एक म्हातारा, कोरडा, पुरुषी आवाज आला. अगदी शांतपणे म्हणाला,

"मावशी तर म्हणाली होती, तू येशील."

लायल जिना उतरून आला तेव्हा डार्ला भिंतीला टेकून उभी होती. त्याच्या खांद्यावर बर्फ होतं. धाप लागलेली.

"आत जाऊ नका," ती म्हणाली. "लायल, आत माणूस नाहीये."

"हात दाखव. अगं, केवढा भाजलाय! कोण आहे आत?"

"कोणी नाही. चला इथून. आपण दार लावून घेऊ."

"असेल एखादं पोरगं लपलेलं. घाबरवलं तुला. त्याच्या बापाला..."

लायलचं वाक्य अर्धवट राहिलं.

त्याने मान वळवली. भुयाराकडे.

डार्लाला काहीच ऐकू येत नव्हतं. एक अक्षरही नाही. पण लायल ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं वय उतरत गेलं. ओठ लहान मुलासारखे थरथरले.

"लायल?"

त्याने टोपी काढली. हातमोजे काढले. आणि भुयाराकडे बघत हळूच म्हणाला,

"थांब रे. आलो. आलो मी."

डार्लाने त्याचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. भाजलेल्या हातानेसुद्धा. "आधी रेडिओ! तुम्हीच सांगता ना? आधी रेडिओ!"

लायल चिडला नाही. त्याने तिची बोटं एक एक करून सोडवली. अगदी जपून. भाजलेला हात दुखू नये अशा बेताने.

मग तो आत गेला. गुडघे कुरकुरत नव्हते. वाकून, भरभर, पोरासारखा.

वळण आलं. तो दिसेनासा झाला.

बुटांचा आवाज येत राहिला.

मग तोही येईना.

अग्निशमन दलाची माणसं आली तोवर बाहेर अंधार पडला होता. वळणापुढे थोड्याच अंतरावर भुयार संपतं. पुढे विटांची भिंत आहे, नळ तेवढे तिच्यातून पलीकडे जातात. तिथे लायल भिंतीला टेकून बसला होता. कोट काढून, नीट घडी घालून मांडीवर ठेवलेला. शर्ट घामाने चिंब.

त्याच्यात जीव नव्हता.

एकही नळ फुटलेला नव्हता. आत दुसरं कोणी नव्हतं. बाहेर जायला दुसरी वाटही नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वय, वजन, उष्णता... सगळं जुळत होतं.

चौकशीत डार्लाला विचारलं, तू त्याच्या मागे आत का गेली नाहीस? तिने नियम सांगितला. वरिष्ठांनी माना डोलावल्या. अगदी बरोबर केलंस म्हणाले. ते शब्द तिला आजही टोचतात.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. हॉटडिश नावाच्या, ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थाची मोठमोठी भांडी, कॉफी, हळू आवाजातल्या गप्पा. लायलची बायको लोरेटा उठली आणि डार्लाला कोपऱ्यात घेऊन गेली.

"त्याने काहीतरी ऐकलं ना?"

डार्लाने कॉफीचा कप खाली ठेवला.

"रॉयचा आवाज असणार," लोरेटा म्हणाली. "त्याचा धाकटा भाऊ. धान्याच्या कोठीत दबून गेला, पोरवयातच. लायल बाहेर उभा होता. आतून हाका येत होत्या आणि याला भीती वाटली, हा गेला नाही. जन्मभर कोणाजवळ बोलला नाही तो. फक्त मला ठाऊक होतं."

तिने डार्लाचा हात धरला. तिचे हात बर्फासारखे होते.

"मला ठाऊक होतं, आणि... मी ते एकदा सांगितलं. आमचं नुकतंच लग्न झालं होतं. लायल या नोकरीत लागत होता. चौकशीला एक म्हातारा आला. भर थंडीत घामाने निथळत होता बिचारा. मला दया आली गं."



"मला एकच सांग," लोरेटा म्हणाली. "रॉय भेटला का गं त्याला? शेवटी तरी भेटला का?"

"भेटला," डार्ला म्हणाली. "मी लायलचा आवाज ऐकला. खूप आनंदात होता."

लोरेटा तिच्या गळ्यात पडून रडली. तिला बरं वाटलं. अजूनही ती कोणाला भेटली की हेच सांगते, की माझ्या लायलला शेवटी त्याचा भाऊ भेटला.

भुयाराचं ते दार नंतर वेल्डिंग करून बंद केलं. डार्ला अजून त्याच नोकरीत आहे. तळघरात उतरायची पाळी आली तर ती उतरते. कधीही एकटी नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर ती माझ्या टेबलाशी तशीच बसून राहिली. मी म्हटलं, "लोरेटाला धीर दिलास, चांगलं केलंस. पण लायल खरंच काही बोलला होता का?"

तिने मान डोलावली. हो.

बुटांचा आवाज थांबला होता.  आणि मग वळणापलीकडून लायलचा आवाज आला. स्पष्ट. त्या वेळी तिला त्या शब्दांचा अर्थ लागला नव्हता. तो लागला चर्चच्या तळघरात, लोरेटा बोलत असताना.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

डार्लाने दाराकडे बघितलं. मग आवाज अगदी खाली आणला.

"म्हणाला... अरे... तू रॉय नाहीस."