चौथं चाक का तापलं नाही?

आधी एक कोडं ऐका. एक गाडी, तिला चार चाकं. चारही एकाच दिवशी बसवलेली. रस्ता तोच, ऊन तेच, वेग तोच. साडेपाच तास गाडी धावते आणि थांबते. तीन चाकं चपाती भाजून निघेल इतकी तापलेली, आणि चौथं मात्र नुसतं कोमट. असं का व्हावं?

उत्तर सुचलं असेल तर पोटात ठेवा. मलाही तेव्हा सुचलं नव्हतं, आणि गाडी तर माझीच होती.

ही २०५२च्या मे महिन्यातली गोष्ट. माझी सून नीलाक्षी समुद्रतळावर उगवणाऱ्या गवताचा अभ्यास करते. मुरूडच्या किनाऱ्यापासून आत, पाण्याखाली, शास्त्रज्ञांनी एक घर बांधलं होतं. त्यात ती पाच महिने राहायला जाणार होती. तिथून वर फोन लागत नाही. पाण्यातून ध्वनीच्या लहरींवर जेमतेम चार ओळींचा निरोप येतो, तोही दिवसातून एकदा. तिला खाली नेणारी बोट गुरुवारी संध्याकाळी सहाला सुटणार होती. ओहोटी कुणासाठी थांबत नाही.

आणि माझ्या नातीला, शाल्मलीला, त्याआधी तिथे पोचायचं होतं. दहा वर्षांची पोर. आई महिन्यापूर्वी सरावासाठी घरातून निघाली, तेव्हा ही रुसून न्हाणीघराला आतून कडी लावून बसली होती. आईने दाराबाहेरूनच निरोप घेतला. तेव्हापासून तिच्या मनात काहीतरी अडकून होतं. ते तिला फोनवर बोलायचं नव्हतं, समोर उभं राहून बोलायचं होतं. तिचे बाबा आधीच मुरूडला गेले होते. म्हणून अकोल्याहून तिला घेऊन जायची जबाबदारी माझ्यावर, म्हणजे तिच्या आबाजींवर आली.

आता माझ्या गाडीबद्दल. त्या काळी बहुतेक गाड्या स्वतःच स्वतःला तपासून घ्यायच्या. माझी म्हातारी. बॅटरीवर चालायची एवढंच तिचं नवेपण. बाकी सगळं मलाच बघावं लागायचं. मी बघितलंही. बॅटरी पूर्ण भरली. काच पुसायच्या डबीत पाणी घातलं. दिवे लावून बघितले, ब्रेक दाबून बघितले. स्टेपनी आहे हे पाहून घेतलं. मग गुरुवारी पहाटे पाचलाच गल्ली गोळा झाली. पाण्याखाली बिचारीला काय खायला मिळणार, म्हणून कुणी कुरडया आणल्या, कुणी सांडगे, कुणी लोणच्याच्या बरण्या, आणि जवसाची चटणी तर सात घरांतून आली. अशी दीडशे किलो माया डिकीत आणि मागच्या सीटवर रचली गेली.

सहाला निघताना सगळ्यांनी एकच सल्ला दिला. ऊन कडक आहे, उन्हाने हवा फुगते, फुगली की टायर फुटतो. तेव्हा हवा थोडी कमी करून घ्या. मला तो पटला, कारण गेली चाळीस वर्षं मी स्वतःच तो सगळ्यांना देत आलो होतो. बारीक काडीने मी एकेका चाकाची फुस्स करून दहा-दहा पॉइंट हवा सोडली.

वाटेत शाल्मलीला झोप येऊ नये म्हणून मी तिला मेळघाटातल्या अस्वलाची गोष्ट सांगितली. माझ्या जीपचं चाक निखळलं, तेव्हा त्या अस्वलाने जीपचा कोपरा खांद्यावर घेऊन मला अकोटपर्यंत पोचवलं होतं.

"मागच्या वेळी ते धारणीपर्यंतच आलं होतं," ती म्हणाली.

मी विषय बदलला. तसंही गाडी सारखी डावीकडे ओढ घेत होती आणि स्टिअरिंग सांभाळताना माझे खांदे भरून आले होते. मी दोष वाऱ्याला दिला.

साडेअकराला, निम्मी वाट संपली तेव्हा, रस्त्याच्या मधोमध लाल फडकं हलवत एक यंत्रमानव उभा दिसला. नारिंगी रंगाचा, डोक्यावर जुनं हेल्मेट, छातीवर रंगाने लिहिलेलं नाव: हवालदार. बाजूला पंक्चरचं दुकान. दुकानाच्या मालकीण कमलताईंनी त्याला हवा भरायला ठेवला होता आणि बोलायलाही त्यांनीच शिकवलं होतं. त्यामुळे बोलणं थेट.

"आजोबा, गाडी सावलीत घ्या. तुमच्या तीन चाकांना ताप आहे."

त्याचे डोळे अवरक्त किरण बघायचे (म्हणजे गरम वस्तूतून निघणारे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे किरण). पोटावरच्या पडद्यावर त्याने आम्हाला आमचीच गाडी दाखवली. तीन चाकं लालभडक, नव्वद अंशांच्या पुढे. पुढचं उजवं तेवढं पिवळसर, साठाच्या आत.

मी म्हणालो, ऊनच तसं आहे. हवालदार म्हणाला, "ऊन चौथ्या चाकावरही पडतं."

झालं, इथे माझं चाळीस वर्षांचं शास्त्र बसलं खाली. शाल्मली चौथ्या चाकापाशी उकिडवी बसली. यात वेगळं काय केलं होतं, असं तिने विचारलं. मी खाकरून सांगितलं की याची हवा मी सोडली नव्हती. प्रयोग म्हणून, मुद्दाम.

"बुंदी झोपली होती त्याला टेकून," शाल्मली हवालदाराला म्हणाली. "आबाजींना तिला उठवायचं नव्हतं."

बुंदी म्हणजे आमच्या गल्लीतली कुत्री. खरी गोष्ट तीच होती.

हवालदाराने कमलताईंकडून वीतभर तार मागून घेतली आणि शाल्मलीच्या हातात दिली. एकाच जागी वीस वेळा वाकव आणि सरळ कर, मग ती जागा मनगटाला लाव, असं सांगितलं. तिने लावली आणि हात झटकला. तार चटका बसण्याइतकी गरम झाली होती. उन्हात ठेवली नाही, विस्तवावर धरली नाही. नुसती वाकवली.

पुढचं त्याने टप्प्याटप्प्याने सांगितलं. टायरमधली हवा आतून चहूबाजूंनी रेटा देते. त्या रेट्याला दाब म्हणतात (एवढ्याशा जागेवर किती जोर पडतो, त्याचं माप). हा दाबच गाडी उचलून धरतो. दाब कमी झाला की टायर जमिनीपाशी जास्त बसतो आणि त्याच्या बाजूच्या भिंती वाकतात. चाक फिरलं की वाकलेला भाग वर जाऊन सरळ होतो आणि त्याच्या मागचा खाली येऊन वाकतो. म्हणजे प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग एकदा वाकतो, एकदा सरळ होतो. तारेसारखाच.

"रबराला दहा लाडवांची ताकद देऊन वाकवलं," हवालदार म्हणाला, "तर सरळ होताना ते नऊच परत देतं. एक स्वतः खातं. आणि खाल्लेल्या लाडवाचा त्याला ताप चढतो."

या गुणाला शैथिल्य म्हणतात (वाकवलेली वस्तू सरळ होताना घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाही, थोडी उष्णता म्हणून ठेवून घेते). शाल्मलीने गणित केलं. एका किलोमीटरला चाकाच्या सव्वापाचशे फेऱ्या. आम्ही आलो तीनशे किलोमीटर. दीड लाखाहून जास्त वेळा वाकणं! वीस वेळांत तार तापली होती.

पण हवा उन्हाने फुगते हे तर खरं ना, असं मी शेवटचा डाव म्हणून विचारलं. खरं आहे, हवालदार म्हणाला, पण उन्हाने वाढतो तो दाब तीन-चार पॉइंटांचा, आणि टायर बनवणाऱ्यांनी तो आधीच धरलेला असतो. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा जास्त झाल्याने नाही, रबर तापून कमकुवत झाल्याने. आणि त्यात मी दोन चुका एकदम केल्या होत्या. हवा कमी केली होती आणि ओझं वाढवलं होतं.

मग त्याने टायरांवर बोटांनी टकटक केलं. मागच्या डाव्या चाकाच्या भिंतीवर लिंबाएवढा फोड आला होता; आतले रबराचे थर सुटत चालले होते.

"अजून वीसेक किलोमीटर चाललं असतं," तो म्हणाला.

"मग?" शाल्मलीने विचारलं.

"मग आवाज झाला असता."

 

फोडाचं चाक काढून स्टेपनी लावायची होती. बाकीच्यांत हवा भरायची, पण आधी चाकं निवायला हवी होती. मी गेज लावून बघितला तर सकाळी हवा सोडून उरलेल्या बाविसाचे एकोणतीस झाले होते. मी म्हणालो, बघा, आपोआप वाढली की. हवालदार म्हणाला, तापात बडबडणाऱ्याचं बोलणं धरून चालत नाही. मापायचं ते चाक थंड असताना. निदान तासभर तरी थांबा.

तास. मी शाल्मलीकडे पाहिलं. ती घड्याळाकडे पाहत होती. सहाची बोट, आणि अजून सव्वातीनशे किलोमीटर. मी म्हणणारच होतो की हळू हळू जाऊ, काय होतंय.

"थांबू या," ती म्हणाली. "उशिरा पोचलो तर निदान आईला कळेल की आलो होतो."

स्टेपनी कुठे होती? सगळ्यात खाली. दीडशे किलो मायेच्या तळाशी. एकेक बरणी, एकेक डबा बाहेर काढता काढता तासातला अर्धा तास गेला. कमलताईंनी पदर खोचून मदत केली आणि पाणी पाजलं. दरम्यान हवालदाराने विचारलं, की दाराच्या चौकटीवरचा कागद कुठे आहे. प्रत्येक गाडीच्या चौकटीवर तो असतो म्हणे, हवा किती ठेवायची ते सांगणारा. माझ्या गाडीत त्या जागी मेळघाटच्या वाघाचं चित्र होतं. मीच चिकटवलेलं. शाल्मलीने वाघाचं शेपूट धरून हळूच ओढलं, आणि खालून दोन आकडे निघाले. हलकं सामान: ३३. भरलेली गाडी: ३९. पंधरा वर्षं वाघ त्या आकड्यांवर बसून होता.

पावणेएकला स्टेपनीसकट चारही चाकं एकोणचाळीसवर आली. कमलताई काही घ्यायला तयार होईनात. शेवटी शाल्मलीने जवसाच्या चटणीची एक बरणी त्यांच्या हातात ठेवली आणि हवालदाराला, काही खात नसल्यामुळे, वाघाचं चित्र दिलं. ते त्याने हेल्मेटवर लावून घेतलं.

पुढची वाट गाडी सरळ रेषेत धावली. डावीकडची ओढ गायब. वारा बिचारा उगाच बदनाम झाला होता. घाटात प्रत्येक वळणावर मी मनातल्या मनात चार चाकांचे आभार मानत होतो. हाताच्या पंजाएवढ्या चार जागा जमिनीला टेकलेल्या, आणि त्यांच्यावर माझी नात.

पाच चाळीसला आम्ही मुरूडच्या धक्क्यावर पोचलो. नीलाक्षी बोटीच्या फळीपाशी उभी होती. शाल्मली धावली, तिच्या समोर जाऊन थांबली आणि वाटेत पाठ केलेलं सगळं विसरली.

"त्या दिवशी मी आत होते ना," ती म्हणाली, "तेव्हा दाराला कान लावून होते."

"मला माहीत होतं," नीलाक्षी म्हणाली. "दाराखालच्या फटीतून तुझी बोटं दिसत होती."

पुढची पाच मिनिटं मला लांबच्या होड्या फार महत्त्वाच्या वाटल्या.

चाकांची हकिगत ऐकून नीलाक्षीने लेकीला एक गंमत सांगितली. खालच्या घरातही हेच आहे, फक्त उलटं. तिथे बाहेरून पाण्याचा रेटा येतो, म्हणून आतल्या हवेचा दाब बरोबर तेवढाच ठेवावा लागतो. दोन्ही सारखे, की भिंत वाकत नाही. तो दाब रोज बघायला एक माणूस नेमलेला असतो.

"मोठी झाल्यावर ते काम मी करीन," शाल्मली म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून बोटीवरचा एकही माणूस हसला नाही.

पाच महिन्यांनी नीलाक्षी वर आली. अकोल्याला पोचली ती नेमकी खंडेनवमीच्या दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं, अवजारं, गाड्या सगळ्यांची पूजा होते. त्या वर्षी पाटावर पहिला मान हवा मोजायच्या गेजचा होता. नीलाक्षीने चटणीची रिकामी बरणी त्याच्या शेजारी ठेवली. शाल्मलीने तीन चाकांवर झेंडूचं फूल वाहिलं आणि चौथ्यापाशी थबकली.

पुढच्या उजव्या चाकाला टेकून बुंदी झोपली होती.

कुणीच तिला उठवलं नाही. चौथं फूल शाल्मलीने अलगद तिच्या दोन कानांच्या मध्ये ठेवलं, आणि आम्ही तिघं तिला जाग येईपर्यंत पायरीवर बसून राहिलो.